हौसेला मोल असते!

कुरुंद्याच्या शिवारावरून विमान जाऊ लागले की अजूनही कामे क्षणभर थांबतात. निंदणाऱ्या बायका कपाळाशी हात धरून वर पाहतात, पोरे बांधावरून धावत सुटतात. विमान दिसेनासे झाले की खुरपी पुन्हा चालू लागतात. मी त्याच पोरांतला. एकदा पारावर मी सहज बोलून गेलो, "आपलंही एक लहानसं विमान असावं." त्यावर एक आजोबा म्हणाले, "बाबू, बैलजोडीला पेंड परवडंना, अन् तू दारात विमान बांधतूस व्हय?" सारा पार हसला. मीही हसलो; परंतु प्रश्न मनातून गेला नाही. विमान पाळायला नेमका खर्च तरी कशाचा येतो? आणि तो करणारी माणसे केवळ वेडी असतात काय?

प्रथम खर्चाचा हिशेब पाहू. सेस्ना १७२ हे चार आसनांचे, एका इंजिनाचे विमान घ्या. १९५६ पासून अशी ४४,००० हून अधिक विमाने तयार झाली. ते ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने जाते आणि तासाला तीस-पस्तीस लिटर इंधन पिते. हे इंधन आपल्या मोटारसायकलीचे पेट्रोल नव्हे. त्याला अ‍ॅव्हगॅस म्हणतात. ते पूर्वी परदेशातून आणावे लागे. २०२२ साली इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या कारखान्यातील देशी अ‍ॅव्हगॅस बाजारात आणला. आजही ते गावोगावच्या पंपावर मिळत नाही.

पण इंधन ही खर्चाची लहान बाजू झाली. औताला जुंपा वा न जुंपा, बैलाला वैरण लागतेच. विमानाचेही तसेच. हँगरचे भाडे, विम्याचा हप्ता, दरवर्षीची तपासणी, उड्डाणयोग्यतेचे कागद आणि मालकच वैमानिक असेल तर त्याची वैद्यकीय तपासणी, हे सारे विमान जमिनीवर उभे असतानाही चुकत नाही. इंजिनाची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. अशा विमानांत सर्रास वापरले जाणारे लायकमिंगचे इंजिन साधारण २,००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी होईल तेव्हा, पूर्ण उघडून नव्याने बांधावे, असे बनवणारेच सांगतात. आता एखादा मालक वर्षाला ५० तास उडाला, तर १२ वर्षांत त्याचे तास होतील ६००. उरलेल्या १,४०० तासांची किंमत त्याने न उडताच मोजली! शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरप्रमाणे ते भाड्याने देऊन हप्ता फेडावा म्हटले, तर खाजगी म्हणून नोंदलेल्या विमानाला तीही मुभा नाही.

एवढे असूनही माणसे विमान का बाळगतात? १९३० साली आगाखान पारितोषिकासाठी जे. आर. डी. टाटा कराचीहून इंग्लंडकडे निघाले होते आणि ॲस्पी इंजिनिअर हा तरुण उलट दिशेने येत होता. इजिप्तमध्ये अबुकीर येथे ॲस्पी स्पार्क प्लगवाचून अडकून पडला होता. टाटांनी आपल्याजवळचे जादा प्लग प्रतिस्पर्ध्याला दिले. ॲस्पी आधी पोचला आणि पारितोषिक त्याला मिळाले. पुढे १९३२ मध्ये कराची-मुंबई टपाल नेणाऱ्या टाटांनी ५० वर्षांनी, १९८२ साली, वयाच्या ७८ व्या वर्षी तोच मार्ग लहानशा विमानातून पुन्हा एकट्याने कापला. हा आनंद कोणत्या वहीत मांडायचा?

कोणी म्हणेल, ते टाटा होते. मग कॅप्टन अमोल यादव यांचे उदाहरण घ्या. या मराठी वैमानिकाने मुंबईत कांदिवलीच्या चारकोप भागातील आपल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. फेब्रुवारी २०१६ मध्ये ते 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिले. नोंदणी व्हायला २०१७ उजाडले आणि धुळ्याच्या धावपट्टीवरून ते उडाले २०२० साली. म्हणजे बांधणी संपल्यावरही कागदांसाठी वर्षे गेली. धीर धरण्याचा हा खर्च कोणत्याच पावतीवर नसतो.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट मांडावीशी वाटते. १८९५ साली तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवल्याची कथा आपण अभिमानाने सांगतो. तिला भक्कम पुरावा नाही. यादवांच्या विमानाची मात्र नोंद आहे. ज्या गावाच्या नावावरून नरहर कुरुंदकरांचे आडनाव आले, त्या गावच्या मुलाने तरी पुराव्याचाच अभिमान बाळगावा.

मग माझे मत काय? एकट्याने विमान बाळगणे हा बहुतेकांसाठी तोट्याचा धंदा आहे, हे आजोबांचे म्हणणे मला मान्य आहे. परंतु त्यावरून 'हे आपल्यासाठी नाही' हा निष्कर्ष मला मान्य नाही. तोच हिशेब पुन्हा मांडा. चौघांनी मिळून एक विमान घेतले व प्रत्येकाने वर्षाला ५० तास उडवले, तर १० वर्षांत २,००० तास पुरे होतात. इंजिनाचा एकही तास वाया जात नाही आणि हँगर व विमा चार ठिकाणी वाटला जातो. ज्या मुलखाने १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा केला, ज्या वसमतला 'पूर्णा' कारखाना उभा राहिला, तिथे ही कल्पना नवी नाही. जे. आर. डी. तरी कोठे शिकले? मुंबईच्या फ्लाइंग क्लबमध्येच. आपल्याकडे खाजगी परवान्यासाठी वयाची १७ वर्षे पुरी लागतात आणि किमान ४० तासांचे उड्डाण. यात कोठेही सातबारा मागत नाहीत. अडते ते पैशापाशी, आणि ते अडणे सामायिक प्रयत्नाने कमी करता येते. मराठवाड्यातील महाविद्यालयांनी मिळून असा क्लब मनावर घ्यावा, अशी माझी गुरुजनांना विनंती आहे.

हौसेला मोल नाही, असे आपण म्हणतो. माझ्या मते हौसेला मोल असते. ते आधी कागदावर मांडावे आणि मग चौघांनी मिळून द्यावे. पुन्हा पारावर बसेन तेव्हा आजोबांना सांगणार आहे, "आजोबा, दारात नाही बांधत. पण चौघांच्या सामायिक गोठ्यात बांधलं, तर वैरणीला तुमची हरकत नाही ना?"