नाणं निर्दोष आहे, हात तपासा

सुरतेत उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत खानदेशातून आलेल्या मराठी माणसांची मोठी वस्ती आहे. तिथल्या पोरांच्या टेनिस बॉलच्या सामन्यांत, इतर कुठल्याही गावाप्रमाणे, हरलेला संघ दोघांवर खापर फोडतो: अंपायरवर आणि टॉसवर. अंपायरचं त्याचं तो बघेल. टॉसवरचे आरोप मात्र तपासून घ्यायला हवेत, कारण हल्ली त्यांना विज्ञानाचाही टेकू मिळाला आहे.

जुना आरोप असा, की नाणंच खोटं असतं. एक बाजू जड असली की तीच खाली जाते. यासाठी सुरतेचाच रुपया घेऊ. मोगलांच्या सुरत टाकसाळीतला चांदीचा रुपया हाताने ठोकून पाडलेला, जाडजूड, कडेला ओबडधोबड. ठसा चकतीपेक्षा मोठा, म्हणून फारसी अक्षरं अर्धवट कापलेली. यापेक्षा बेढब नाणं शोधूनही सापडायचं नाही. तरीही तो रुपया अंगठ्याने उंच उडवून तळहातावर झेलला, तर त्याच्या बेढबपणाचा निकालावर जवळजवळ काहीच परिणाम होणार नाही. हवेत नाणं स्वतःच्या गुरुत्वमध्याभोवती फिरतं, आणि एक बाजू जड आहे म्हणून त्या बाजूचा अर्धा फेरा लवकर किंवा उशिरा संपत नाही. फासा एका बाजूने जड करून फसवता येतं, झेललेलं नाणं जड करून नाही. तोच रुपया टेबलावर कडेवर भिंगरीसारखा फिरवलात तर गोष्ट वेगळी; तिथे वजनाचा कल खरोखर निकाल फिरवतो. आरोप करणाऱ्यांनी या दोन क्रियांची गल्लत केली आहे.

नवा आरोप शिकलेल्यांचा आहे. गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये गणिताने दाखवलं, की अंगठ्याने उडवलेलं नाणं किंचित डगमगत फिरतं आणि सुरुवातीला वर असलेली बाजू हवेतही थोडा जास्त वेळ वर राहते. पुढे 48 जणांनी मिळून 3,50,757 वेळा नाणी उडवली. सुमारे 50.8 टक्के वेळा सुरुवातीचीच बाजू वर आली. या चिकाटीला 2024 चं इग्नोबेल पारितोषिकही मिळालं. यावरून निष्कर्ष काढला जातो तो असा: टॉस पक्षपाती ठरला, आता मोबाइलवर ॲपने करा.

प्रयोग खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. कल छाप्याकडे नाही, काट्याकडेही नाही. तो सुरुवातीच्या बाजूकडे आहे. ती बाजू ज्याला ठाऊक नाही त्याला या कलाचा कवडीचा उपयोग नाही. ठाऊक असली तरी रुपया-रुपयाच्या हजार पैजांमागे सरासरी 16 रुपये सुटतील. एवढ्यासाठी सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडणारं नाणं टाकून, ज्याच्या पोटात काय चाललंय ते कुणालाच दिसत नाही अशा ॲपवर विश्वास टाकायचा?

मग भारताचं काय, असं कुणीतरी विचारणारच. 2023 च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यापासून भारताचा पुरुष संघ एकदिवसीय सामन्यांत ओळीने 20 टॉस हरला. डिसेंबर 2025 मध्ये विशाखापट्टणमला ती साखळी तुटली. आधीच ठरवलेले वीस टॉस ओळीने हरण्याची शक्यता 10,48,576 मध्ये एक. आकडा भयंकर दिसतो खरा. पण ते वीस आपण घडून गेल्यावर निवडले आहेत, 1971 पासून चाललेल्या हजारो सामन्यांच्या ढिगातून. आणि त्याच काळात, 2025 ची चॅम्पियन्स ट्रॉफी भारताने पाचही टॉस हरून, एकही सामना न गमावता जिंकली. कट असलाच तर तो फार गबाळा होता म्हणायचा.

माझं म्हणणं इतकंच, की टॉसचा न्याय नाण्याच्या धातूत नसून कामाच्या वाटणीत आहे. क्रिकेटचा रिवाज बघा: यजमान कर्णधार नाणं उडवतो आणि ते हवेत असताना पाहुणा बोलतो. हात एकाचा, तोंड दुसऱ्याचं. डायकोनिस तरुणपणी व्यवसायाने जादूगार होते आणि सराव केलेला हात हवी ती बाजू पाडू शकतो. पण असा हातसुद्धा इथे लुळा पडतो, कारण समोरचा काय म्हणणार हे उडवणाऱ्याला आधी कळत नाही. अट एकच: उडवण्यापूर्वी कोणती बाजू वर आहे ते बोलणाऱ्याला दिसता कामा नये. ‘शोले’त वीरू नाडला गेला तो नेमका ही वाटणी नसल्यामुळे. नाणं जयच्या खिशातलं, उडवणारा जय, बाजू ठरवणाराही जयच. दोन्हीकडे सारखाच छाप असलेलं ते नाणं वीरूने एकदा उलटून पाहिलं असतं तरी पुरे होतं.

म्हणून गल्लीतल्या स्पर्धेसाठीही ॲप नको. नाणं अंपायरच्या खिशातलं असावं, दोन्ही कर्णधारांनी ते उलटसुलट पाहावं, सुरुवातीची बाजू मुठीत झाकलेली राहावी. इतक्यावरही नाण्याबद्दल शंका उरलीच, तर गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन यांची 1951 ची युक्ती आहे. दर वेळी तीच बाजू वर ठेवून दोनदा उडवा. छापा-काटा आला तर पहिला संघ, काटा-छापा आला तर दुसरा, दोन्ही वेळा सारखंच आलं तर पुन्हा दोनदा. वाकडं नाणंही यातून सरळ निकाल देतं. संशय उडवणाऱ्या हातावर असेल तर मात्र नॉयमनही कामाचे नाहीत; तिथे पाहुण्या कर्णधाराने नाणं हवेत गेल्यावरच तोंड उघडावं.