हत्तीपायाला गोळीसोबत निगाही हवी

हत्तीरोगात पायातील लसिकेचा प्रवाह अडतो. क्युलेक्स डासामार्फत शिरलेले कृमी लसिकावाहिन्यांत राहतात. वाहिन्या रुंदावून निकामी होतात, पाणी पायातच साठते. गडचिरोली आणि चंद्रपूर हे जिल्हे या रोगाच्या पट्ट्यात येतात. वैनगंगेकाठच्या वडसा (देसाईगंज) परिसरात धानाची रोवणी म्हणजे तासन्‌तास चिखलात उभे राहणे, आणि सुजलेल्या पायाला ते फार जाचते.

डीईसी व अल्बेंडाझोलच्या गोळ्या कृमींवर चालतात. जुनी सूज त्यांनी उतरत नाही. तिथे रोजची निगाच कामी येते, म्हणून गोळ्यावाटपाच्या फेरीतच ती घरोघरी शिकवली गेली पाहिजे. पाय साबण-पाण्याने धुवावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवाव्यात (जंतू बहुधा तिथूनच शिरतात), झोपताना पाय उशीवर घ्यावा. घोटा वर-खाली हलवणे, टाचा उचलणे यांनी पोटरीचे स्नायू आवळतात आणि साठलेले पाणी वर सरकते. ताप, लाली असताना व्यायाम थांबवावा. चालताना पोटरीत गोळे येत असतील तर रक्तवाहिनी अरुंद झाल्याची शंका घ्यावी. अशा पायावर तपासणीशिवाय घट्ट पट्टी बांधू नये.