सभा गेली, समिती आली

‘सभा म्हणा नाहीतर समिती म्हणा, चार माणसे एकत्र बसली म्हणजे झाले,’ असे उद्गार हल्ली सुशिक्षितांच्या तोंडूनही ऐकू येतात. आम्हांस हे मत मुळीच मान्य नाही. या दोन शब्दांतील भेद व्याकरणाच्या तासापुरता नाही. तो विसरला म्हणजे माणसाचा हक्क त्याच्या नकळत कसा नाहीसा होतो, हे पनवेल तालुक्यातील ओवे गावाकडे पाहिले की ध्यानात येते.

दोन्ही शब्द फार जुने. अथर्ववेदाच्या सातव्या कांडात सभा आणि समिती यांना प्रजापतीच्या दोन कन्या म्हटले आहे. काशीप्रसाद जायस्वाल यांनी ‘हिंदू पॉलिटी’ (१९२४) या ग्रंथात समिती ही समग्र जनांची असल्याचे प्रतिपादन केले; सभा ही त्या काळी निवडकांची बैठक, असे अनेक अभ्यासक मानतात. आजच्या मराठीत अर्थ नेमके उलटले आहेत. सभा सर्वांची, समिती नेमलेल्यांची. परंतु बहिणींनी नावे बदलून घेतली तरी घरातील दोन जागा दोनच राहिल्या. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या आमच्या वाचकांना हे सांगावयास नको. तेथे व्यवस्थापक समिती कारभार पाहते. पण वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे तिला हिशेब ठेवावाच लागतो. सभेवाचून समिती म्हणजे धन्यावाचून कारभारी.

आता ओवे गावाकडे वळू. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने (१९९२) ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. गावच्या मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा घटक. त्याला कोणी निवडून द्यावे लागत नाही की कोणी नेमावे लागत नाही. महाराष्ट्रात गणपूर्तीसाठी एकूण मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी ती पुरते. शेतावरची बाई असो की निवृत्त शिक्षक, उभे राहून ‘हा खर्च कशावर झाला?’ असे विचारण्याचा अधिकार दोघांनाही सारखाच. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका स्थापन झाली, ओवे धरून २९ गावे तिच्यात आली आणि हा अधिकार एका दिवसात संपला. त्याच्या जागी आली ती प्रभाग समिती. तिच्यात त्या भागातील नगरसेवक, प्रभागाचा अधिकारी आणि काही नामनिर्देशित सदस्य. कालचा सभासद आज अर्जदार झाला. त्यानंतर २०२१ साली मालमत्ता कराची बिले २०१६ पासूनच्या मागील काळासह घरोघरी आली, तेव्हा लोकांना मोर्चे काढावे लागले. ‘आमच्या सभेत उत्तर द्या’ असे म्हणण्यासाठी त्यांची सभाच उरली नव्हती. २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाचा अंमल चालला. तेव्हा समितीतले नगरसेवकही उरले नाहीत! या साऱ्याला बढती म्हणण्याची पद्धत आहे. आम्ही तिला वजाबाकी म्हणतो.

‘शहरात एवढ्या लोकांची सभा कशी भरवणार?’ असा प्रश्न केला जातो. त्याचे उत्तर कायद्यातच आहे. २००९ साली राज्याने महापालिका कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद केली: मतदान केंद्रांच्या लहानशा टापूतील मतदारांची सभा, नगरसेवकाने बोलवायची. शब्द कायद्याच्या पुस्तकात आहे. वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरी तिचे निमंत्रण आले?

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. ‘सभेत गोंगाटच होतो; काम समितीच करते.’ गोंगाट होतो, हे खरे. प्रेषितांच्या कृत्यांच्या एकोणिसाव्या अध्यायात इफिसच्या नाट्यगृहात जमलेल्या लोकांपैकी बहुतेकांना आपण कशासाठी जमलो हेच ठाऊक नव्हते. पण नगराच्या चिटणिसाने सभाच नको असे म्हटले नाही. वाद कायदेशीर सभेत मिटवावा, असे सांगून त्याने लोकांना घरी धाडले. आणि त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात समिती कशी जन्मावी याचा धडा आहे. रोजच्या वाटपात आपल्या विधवांकडे दुर्लक्ष होते, अशी ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार आली. बारा प्रेषितांनी शिष्यांच्या सर्व समुदायाला बोलावले आणि सात जणांची निवड त्यांच्यावर सोपवली. निवडलेली सातही नावे ग्रीक आहेत! ज्यांची तक्रार, त्यांच्याच हाती वाटप. प्रथम सभा, मग समिती; हा क्रम प्रेषितांनी मोडला नाही.

म्हणून स्वतःला ‘ख्रिस्तसभा’ म्हणवणाऱ्या आपल्यावर या शब्दाचे ओझे अधिक आहे. मूळ ग्रीक ‘एक्लेसिया’ म्हणजे हाक देऊन बोलावलेल्यांची सभा. ‘सिनड’ म्हणजे एकत्र चालणे. ‘समिती’च्या धातूचा अर्थही तोच, एकत्र जाणे. ऑक्टोबर २०२४ मध्ये रोम येथे संमत झालेल्या सिनडच्या अंतिम दस्तऐवजाने धर्मग्रामाची पाळकीय परिषद सक्तीची करावी, असा आग्रह धरला आहे. तिचे मत सल्ल्यापुरते, असे १९८३ च्या धर्मसंहितेचे ५३६ वे कलम सांगते, आणि ते आम्ही जाणतो. पण सल्ला द्यायचा तर माहिती हवी, आणि माहिती साऱ्या धर्मग्रामाची आहे. ‘कौन्सिलने ठरवले’ एवढे वेदीवरून सांगून विषय मिटत नाही. आम्हां धर्मगुरूंना हे इतरांआधी ऐकावे लागेल.

तेव्हा दोन मागण्या कराव्यात. नगरसेवकाकडे क्षेत्रसभेची, आणि ती लेखी. धर्मग्रामात वर्षातून एकदा सर्वांच्या सभेची, जमाखर्च वाचून दाखवण्यासह. पहिली मागणी करणाऱ्याने दुसरी टाळू नये. आणि दुसरी देणाऱ्या धर्मगुरूलाच पहिलीबद्दल प्रवचन करण्याचा अधिकार पोहोचतो.