साखर कुठल्या विषयात येते?



गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयानं ‘जागतिक अभ्यास’ या नव्या विषयाचे काही तास घ्यायला मला बोलावलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२४-२५ पासून आपल्याकडच्या संलग्न महाविद्यालयांतही आलं आणि मुलांना आपल्या शाखेबाहेरचा एखादा विषय घ्यावा लागू लागला. माझ्या हाती आलेल्या टिपणांत जागतिक बँक, संयुक्त राष्ट्रसंघ आणि त्यांच्या स्थापनेची वर्षं होती. मी ती बाजूला ठेवली आणि विचारलं, “सकाळच्या चहातला साखरेचा ऊस कुणी तोडला?” वर्ग हसला. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “आमच्या आईनं.”

पुढचे तास त्याच उत्तरावर गेले. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाची उचल, खाडा पडला की कापले जाणारे पैसे, हे त्या मुलांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते हे, की आपल्या सरकारच्या ऊस-साखरेच्या धोरणाविरुद्ध ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला २०१९ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेले, डिसेंबर २०२१ मध्ये निकाल भारताविरुद्ध लागला आणि भारतानं त्यावर अपील केलं. १८३४ पासून करारावर मॉरिशसच्या ऊसमळ्यांत गेलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती, हे ऐकून तर मुलं चकित झाली. मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं आपल्याच ऊसतोड बायकांवर लिहिलं आणि ही साखर वापरणाऱ्या परदेशी शीतपेय कंपन्यांची नावं घेतली, तेव्हा त्या मुलीची आई फडातच असेल.

२०१९ मध्ये बीड जिल्ह्यात ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. हे कुठल्या विषयात शिकवायचं? अर्थशास्त्रात उचल येते, गर्भाशय येत नाही. वैद्यकात गर्भाशय येतं, पण मुकादम येत नाही. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही ही गोष्ट तर कुठल्याच पुस्तकात बसत नाही.

बाईचा प्रश्न एका विषयात मावत नाही म्हणूनच तर १९७४ साली एसएनडीटीत नीरा देसाई यांनी स्त्री-अभ्यासाचं संशोधन केंद्र उभं केलं. तिथे विषय एकत्र आले ते प्रश्नापायी. आताच्या रचनेत विषय शेजारी शेजारी ठेवलेत, ते सांधण्याचं काम मात्र कुणाच्याच तक्त्यात नाही. मी पाहिलं तिथे ज्यांचा कार्यभार कमी पडत होता त्यांच्या गळ्यात हा विषय पडला होता, आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षिकेला तयारीला वेळ कुठून मिळणार? (मीही समाजकार्याच्या पदव्युत्तर वर्गात समाजशास्त्र, मानसशास्त्र, कायदा असं थोडं थोडं शिकले. ते एकमेकांना जोडायला मात्र वस्तीतली पहिली दोन वर्षं गेली.)

वर्गात एकानं सांगितलं, हा विषय परदेशी जाणाऱ्यांसाठी आहे. मला हीच समजूत सर्वांत घातक वाटते. शहरातल्या महागड्या विद्यापीठात जगाचा अभ्यास आणि तालुक्याच्या मुलीला शिवणकाम, असं कुणी ठरवून करत नसेलही, पण घडतंय तसंच.

आणि ती मागच्या बाकावरची मुलगी? दिवाळीनंतर ती वर्गात दिसली नाही. आई-वडील कारखान्यावर गेले, धाकटी भावंडं आणि आजी तिच्यावर आली. हजेरी कमी म्हणून महाविद्यालयानं तिचा परीक्षा अर्ज अडवला. नव्या रचनेत क्षेत्रकार्याला श्रेयांक आहेत. मग उचल, खाडे आणि कारखान्याची पावती यांचा जो हिशोब ती घरी बसून वहीत मांडते आहे, त्याला श्रेयांक का नकोत? आम्ही प्राचार्यांना तसं लेखी विचारलं आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

तुमच्यापैकी ज्या महाविद्यालयात शिकवतात, त्यांनी आपल्याकडे हा विषय कसा चालतो ते जरूर कळवावं. तिच्या वहीतली काही पानं पुढच्या अंकात छापायची परवानगी तिनं दिली आहे, अट एकच, आईचं नाव घालायचं नाही.