माहिती पोहोचवणे हे शाळेचेच काम



गेल्या अंकातील ‘पालकांची उदासीनता’ या पत्रात, सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांना योजनांचा लाभ न मिळण्याचा दोष केवळ पालकांवर ठेवला आहे. तो न्याय्य नाही.

आठवीत घेतल्या जाणाऱ्या राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती परीक्षेचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय यांची चाचणी घेणारी ही परीक्षा शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत शिकणाऱ्या आणि वार्षिक उत्पन्न ३.५ लाख रुपयांहून अधिक नसलेल्या कुटुंबांतील मुलांसाठी असून, निवड झाल्यास अटींच्या अधीन राहून नववी ते बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. परंतु अर्ज शाळेमार्फतच भरावा लागत असल्याने आणि उत्पन्नाचा दाखला मिळवण्यास वेळ लागत असल्याने, उशिरा कळलेली सूचना ही न कळल्यासारखीच ठरते. मोलमजुरी करणाऱ्या किंवा ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या पालकाकडून भ्रमणध्वनीवरील संदेशांतून ती शोधून काढण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे.

शिक्षण हक्क कायदा, २००९ मधील कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत, म्हणजे शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणाऱ्या मंडळात, किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने सत्रारंभीच परीक्षा, दाखले आणि मुदती यांचे मराठी पत्रक घरोघरी पोहोचवावे आणि ते वाचून दाखवण्याचीही व्यवस्था करावी. त्यानंतरच पालकांच्या उदासीनतेची चर्चा उचित ठरेल.

— एक वाचक