जखमेगणिक बदलणाऱ्या औषधाला परवाना कसा द्याल?

मा. औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना, नवी दिल्ली



मधुमेही पायाच्या जखमेचा कल्चर रिपोर्ट हल्ली कसा येतो, हे आपल्याला सांगायला नको. वर जिवाणूचे नाव, खाली अँटिबायोटिकांची यादी आणि त्यातल्या बऱ्याच नावांपुढे ‘रेझिस्टंट’. एखादे लागू पडणारे निघाले तरी ते जखमेपर्यंत पुरेसे पोचत नाही, कारण पायाच्या रक्तवाहिन्याच अरुंद झालेल्या असतात. त्यात जिवाणूंनी स्वतःभोवती धरलेला बुळबुळीत थर, म्हणजे बायोफिल्म. मग आधी बोट काढावे लागते, नंतर पाऊल, नंतर गुडघ्याखालचा पाय.

अशा जखमेवर बॅक्टेरिओफाज घातलेली पट्टी बांधता यावी, यासाठी हे पत्र आहे. फाज म्हणजे फक्त जिवाणूंना ग्रासणारे विषाणू. जिवाणूच्या पृष्ठभागावरची ठरावीक खूण ओळखून फाज चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, आत त्याच्या प्रती तयार होतात आणि जिवाणू फुटून त्या बाहेर पडतात. काही फाजांकडे बायोफिल्म विरघळवणारी विकरेही असतात. माणसाच्या पेशीवर ती खूण नसल्याने फाज तिच्या वाटेला जात नाही. पट्टीचा फायदा उघड आहे: रक्तपुरवठ्याची वाट न पाहता औषध थेट जखमेत उतरते.

ही कल्पना नवी नाही. जॉर्जियाने २००० साली ‘फाजोबायोडर्म’ नावाच्या पट्टीला परवाना दिला. विरघळणाऱ्या पॉलिमरमध्ये अनेक फाज, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि वेदनाशामक. इतर उपचारांना दाद न देणाऱ्या जखमांच्या ९६ रुग्णांपैकी ६७ जणांच्या जखमा पूर्ण भरल्या, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. याच पट्टीची आणखी एक हकिकत आहे. २००१ च्या डिसेंबरात जॉर्जियातल्या लिया गावाजवळच्या जंगलात लाकूडतोड्यांना बर्फात दोन गरम डबे सापडले. थंडीच्या रात्री ऊब मिळावी म्हणून ते त्यांच्या जवळ झोपले. डब्यांत किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम होते. भाजलेल्या जखमांत पुढे अनेक अँटिबायोटिकांना न जुमानणारा स्टॅफिलोकॉकस जिवाणू शिरला, तेव्हा त्यांच्यातल्या दोघांना हीच पट्टी लावली आणि काही दिवसांत पू थांबला. हे वाचून हुरळून जाऊ नये. त्या ९६ जणांच्या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, आणि पट्टीत अँटिबायोटिक असल्याने श्रेय नेमके कुणाचे, हेही सांगता येत नाही.

रीतसर तुलना झाली ती युरोपातल्या ‘फाजोबर्न’ चाचणीत, आणि तिथे फाज हरले. भाजलेल्या जखमांतल्या स्यूडोमोनास या जिवाणूवर १२ फाजांचे मिश्रण विरुद्ध सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम. रुग्ण अवघे २७. मलमाने जिवाणूंचा भार लवकर उतरला आणि २०१७ च्या जानेवारीत चाचणी थांबवावी लागली. आपल्या कार्यालयातला कुणी हा निकाल पुढे करून फाइल बंद करील, म्हणून त्यामागचे कारण इथेच सांगतो. दर मिलिलिटरला दहा लाख फाज द्यायचे ठरले होते. साठवणीत मिश्रणाचा जोर ओसरला आणि रुग्णाला प्रत्यक्षात दहा ते शंभरच मिळाले. ठरलेले १२ फाज, ठरलेली कृती, सगळे एका औषधासारखे सिद्ध करून बाटलीत भरण्याचा हट्ट महागात पडला. मला तरी तो फाजांइतकाच नियमांचाही पराभव वाटतो.

कारण फाज फार निवडक असतो. एका रुग्णाच्या स्यूडोमोनासला मारणारा फाज शेजारच्या खाटेवरच्या स्यूडोमोनासला हातही लावणार नाही, आणि आज चालणाऱ्या फाजाला जिवाणू उद्या दाद देईनासा होऊ शकतो. कायमच्या घटकांचे औषध मंजूर करणाऱ्या चौकटीत असे औषध बसवले, तर ते बसेल. पण मग चालणार नाही.

बेल्जियमने २०१८ पासून वेगळी वाट धरली आहे. तिथे तयार मिश्रणाला परवाना देत नाहीत. एकेका फाजाचा साठा सरकारमान्य प्रयोगशाळा तपासते, आणि डॉक्टरच्या चिठ्ठीवरून औषधनिर्माता त्या रुग्णापुरते मिश्रण बनवतो. ब्रुसेल्सच्या क्वीन आस्ट्रिड लष्करी रुग्णालयाच्या पुढाकाराने उपचार झालेल्या पहिल्या १०० रुग्णांचा आढावा २०२४ मध्ये आला: ७७ टक्क्यांत सुधारणा, ६१ टक्क्यांत तो जिवाणू नाहीसा. इथेही तुलनेचा गट नाही. सोबत अँटिबायोटिक नसेल तर यश बरेच कमी, हेही त्यातच लिहिले आहे.

आपल्या २०१९ च्या नियमांत सरकारी रुग्णालयाला मंजुरी नसलेले औषध आयात करण्याची सोय आहे. पण जॉर्जियातल्या पुवावर जुळवलेला फाज मिरजेच्या पुवावर चालेलच असे नाही. इथल्या जिवाणूंचे फाज इथल्याच सांडपाण्यात मुबलक असतात. अर्नेस्ट हँकिनने १८९६ मध्ये गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जिवाणू मरतात असे नोंदवले, त्यामागे फाज असावेत असे आज मानतात. (त्यावरून गंगाजलाची जाहिरात करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की जिथे जिवाणू तिथेच फाज, मुठेचे पाणीही त्या बाबतीत श्रीमंत.)

तेव्हा तीन विनंत्या. तपासलेल्या फाजांच्या साठ्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धत आखावी: विषाचे जनुक नाही, जिवाणूच्या डीएनएत दडून बसत नाही, एंडोटॉक्सिन मर्यादेत आहे, इतके तपासून. असे साठे पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या जागी जतन करावेत. आणि मधुमेही पायांवर तुलनेच्या गटासह चाचणी व्हावी, ज्यात जखमेवर जाणाऱ्या पट्टीतले फाज बांधण्यापूर्वी मोजले जातील. पोव्हिडोन आयोडीनने धुतलेल्या जखमेवर ते टिकणार नाहीत, त्यामुळे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरांनाही सुरुवातीपासून चाचणीत घ्यावे.

इन्फ्लुएन्झाच्या लसीतले विषाणू ठरावीक काळाने बदलतात, आणि दर बदलाला नवे औषध धरून पहिल्यापासून सगळ्या चाचण्या मागितल्या जात नाहीत. घटक बदलले तरी कृती तीच, हे तत्त्व तिथे मान्य आहे. फाजांच्या पट्टीला ते लावण्यात कार्यालयाला नेमकी कोणती अडचण वाटते, हे जाहीरपणे कळवावे.

आपला नम्र,
सूक्ष्मजीवशास्त्राचा एक शिक्षक