घर बांधायला परदेशी

लेक किंवा सून परदेशात असली की तिच्या फोनमधून कधी काय ऐकायला मिळेल याचा नेम नसतो. "आई, या सुट्टीत आम्ही ग्वाटेमालाला चाललोय, घरं बांधायला!" इथे आपल्याला स्वयंपाकघराची एक भिंत रंगवायची तरी माणूस शोधावा लागतो, आणि ही बाई विमानाचं तिकीट काढून, वर पदरचे पैसे भरून, परक्यांच्या दारात विटा उचलणार! पैसे देऊन हमाली कोण करतं, असा प्रश्न तुमच्या मनात आधी येतो. पण खरा प्रश्न जरा उशिरा सुचतो. हिच्या जाण्याने त्या घरच्या बाईला नेमकं काय मिळणार?

या प्रकाराचं मूळ एका मोडू घातलेल्या संसारात आहे. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात मिलर्ड फुलर नावाचे वकील होते. धंद्यात तिशीच्या आतच ते गडगंज झाले. सगळं होतं, फक्त घरासाठी वेळ नव्हता. १९६५ मध्ये पत्नी लिंडा वैतागून न्यूयॉर्कला निघून गेली. नवरा मागोमाग गेला, दोघं मोकळेपणी बोलली आणि ठरलं, की हा पैसाच आपल्यामध्ये आडवा येतो आहे, तो देऊन टाकायचा. आणि खरोखर देऊन टाकला. (आपल्याकडे कुणी असं केलं तर सासरमाहेरची माणसं मिळून डॉक्टर बोलावतील!)

पुढे जॉर्जिया राज्यातल्या कोइनोनिया नावाच्या शेतावर क्लॅरेन्स जॉर्डन यांच्या सहवासात गरिबांसाठी घरं बांधायची कल्पना रुजली. १९७३ मध्ये फुलर दांपत्य चार मुलांना घेऊन आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये, म्बांडाका गावी गेलं. तिथे तीन वर्षं घरं बांधली आणि परत आल्यावर १९७६ मध्ये 'हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी' ही संस्था काढली. आपल्या देशात तिचं काम १९८३ मध्ये खम्मम इथे सुरू झालं.

या संस्थेची मूळ रीत मला फार पटते. घर फुकट द्यायचं नाही. त्या कुटुंबाने स्वतः बांधकामावर राबायचं आणि घराची किंमत हप्त्याहप्त्याने फेडायची. सुरुवातीच्या घरांवर नफा नव्हता आणि व्याजही नव्हतं. आलेल्या हप्त्यांतून पुढच्या कुणाचं घर उभं राहायचं. म्हणजे बाहेरून आलेला पाहुणा हा दाता नव्हे, नुसता मदतनीस. घरच्या बाईला उद्या कुणापुढे मान खाली घालावी लागत नाही. हे घर मी माझ्या हातांनी उभं केलं, असं ती सांगू शकते.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर आणि रोझलिन कार्टर १९८४ मध्ये बसने न्यूयॉर्कला जाऊन एका पडीक इमारतीच्या दुरुस्तीला लागले आणि या कामाचं नाव जगभर झालं. २००६ मध्ये ते आपल्या लोणावळ्याजवळ मळवलीलाही आले होते. देशोदेशींच्या स्वयंसेवकांनी आठवड्याभरात तिथे शंभर घरांचं काम केलं. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे, रोझलिनबाई ७९ च्या! या घराण्याचं महाराष्ट्राशी नातं त्याहून जुनं आहे बरं का. जिमींची आई लिलियन कार्टर १९६६ मध्ये, ६८ व्या वर्षी, पीस कोअरतर्फे परिचारिका म्हणून विक्रोळीला येऊन राहिली होती. वय झालं म्हणून आपलं आता काय, असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता काम काय असतं ते पाहू. आठ-दहा दिवसांत कुणी गवंडी होत नाही. ओळंबा लावणं, भिंत सरळ उचलणं ही कामं तिथले कसबी गवंडीच करतात. पाहुण्यांनी वाळू चाळायची, माल कालवायचा, रांगेत उभं राहून विटा हातोहात पुढे द्यायच्या, पाया खणायचा. तुमच्या समोरच्या प्लॉटवर डोक्यावर चुंबळ ठेवून घमेली वाहणारी बाई रोज करते तेच हे काम. लेक परत आल्यावर त्या बाईकडे जरा निराळ्या नजरेने पाहील, एवढा लाभ नक्की.

पण हिशेबाची बाजू दडवून चालणार नाही. १९९८ च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये उत्तर अमेरिकेतून घरं बांधायला पुष्कळ गट गेले. कर्ट व्हर बीक या समाजशास्त्रज्ञाने नंतर त्यांचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांच्या एका घरामागे सुमारे ३०,००० डॉलर पडले होते, आणि तिथल्याच संस्थेला तसं घर सुमारे २,००० डॉलरमध्ये बांधता येत होतं! हा आकडा वाचून माझ्या काळजात चर्र झालं. तेव्हा तिकिटाच्या पैशाला दानधर्म म्हणू नये. तो आपल्याच मुलीच्या शिक्षणाचा खर्च. दान करायचं असेल तर ते वेगळं, संस्थेकडे, तिथल्या गवंड्याची मजुरी निघेल अशा बेताने द्यावं.

म्हणून "जाऊ नकोस" म्हणण्याऐवजी तिला चार गोष्टी विचारा. तिथले गवंडी-सुतार मजुरीवर ठेवले आहेत, की पाहुण्यांच्या फुकट कामाने त्यांचा रोज बुडतो? कुटुंब कुणी निवडलं? कागदावर घरच्या बाईचं नाव आहे का? आणि पाहुणे गेल्यावर अर्धवट राहिलेलं काम कोण पुरं करणार? संस्थेला याची उत्तरं देता आली नाहीत, तर खुशाल दुसरी संस्था शोधायला सांगा.

जायचं ठरलंच तर टिटॅनसचं इंजेक्शन आधी घ्यावं, आणि त्या देशासाठी आणखी कोणत्या लसी लागतात ते डॉक्टरांना विचारावं. जाड तळाचे बूट, हातमोजे, टोपी आणि सैलसे सुती कपडे हवेतच. बूट मात्र नवेकोरे नकोत, दोन दिवसांत पाय सोलून निघतील. तिथल्या मुलांचे फोटो त्यांच्या आईला विचारल्याशिवाय काढू नयेत. लाडवांचा डबा द्यावासा वाटेलच तुम्हाला! पण आधी त्या देशात बाहेरचे पदार्थ नेऊ देतात का, ते तिला पाहायला सांगा. देत असतील तर डबा गवंड्यांबरोबर दुपारच्या सुट्टीत उघडावा, पोरांच्या घोळक्यात वाटत सुटू नये.